हवा कोंडणारे कपडे, हवा खेळवणारे कपडे

८ जुलै

फॅशन डिझाइनच्या प्रकल्पाचा विषय मिळाला: 'परस्परविरोधी दोन संस्कृती'. सहा पोशाख, वीस आठवडे. वर्गातल्या निम्म्या जणांनी तिथल्या तिथे 'पूर्व आणि पश्चिम' लिहून वही मिटली. मला बोट ठेवून दाखवता येईल असा फरक हवा होता, म्हणून थेट थर्मामीटरच धरला. कॅनडाच्या उत्तर टोकाचे इनुइट आणि सहारातले तुआरेग. एकीकडे उणे ४० अंश, दुसरीकडे ४५.

मूडबोर्डची, म्हणजे कल्पनेची चित्रं चिकटवायच्या फलकाची, सुरुवात दोन चेहऱ्यांनी केली. इनुइटांचे बर्फचष्मे हाडाचे, शिंगाचे किंवा लाकडाचे असतात. त्यांना काच नसते, नुसती आडवी फट असते. बर्फावरून उलटणाऱ्या उन्हाने डोळे जाऊ नयेत म्हणून ही सोय. तुआरेग पुरुष तागेलमुस्तने डोकं आणि तोंड गुंडाळतो, तेव्हा डोळ्यांपुरती उरते तीही फटच. दोन फटी शेजारी चिकटवल्या आणि बोर्डाकडे बघत बराच वेळ खूश होऊन बसले.

११ जुलै

मॅडम बोर्डापाशी थांबल्या. "जुळवलंयस छान. पण हे पोस्टर झालं. यातून कॉलर कशी निघेल ते सांग." सांगता आलं नाही.

१६ जुलै

पाच दिवसांत नऊ स्केचेस. फरची टोपी आणि खाली निळा घोळदार पायघोळ. पार्का, म्हणजे इनुइटांचा टोपीवाला कोट, आणि त्यावर निळं उपरणं. आगादेझचा क्रॉस, तुआरेगांचं पदक, चेनला लटकवलेला. सगळ्यांचं एकच सूत्र: वरचं अर्धं अंग ध्रुवावर, खालचं वाळवंटात. मॅडमनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले, 'फॅन्सी ड्रेस'. रात्री राग आला. सकाळी उठून स्केचेस पाहिली तर त्यांचं बरोबर होतं. चित्रात दोन संस्कृती दिसत होत्या, पण त्या एकमेकींशी एक शब्दही बोलत नव्हत्या.

१९ जुलै

सजावट बाजूला ठेवली. आता एकच प्रश्न: हा कपडा काम कसं करतो?

आधी इनुइट. हिवाळ्याचा पोशाख कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडियरच्या कातड्याचा. अंगावर दोन थर. आतल्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची लव बाहेर. कॅरिबूचा केस आतून पोकळ असतो आणि त्यात हवा भरलेली असते. दोन थर सैल असल्याने त्यांच्यामध्येही हवा साठते. म्हणजे ऊब कातड्याची नाहीच, अडकून पडलेल्या हवेची आहे. पार्का पुढून उघडत नाही, डोक्यावरून घालायचा. टोपी अंगालाच जोडलेली, त्यामुळे मानेपाशी फट राहत नाही आणि वर चढणाऱ्या गरम हवेला बाहेर पडायला वाटच मिळत नाही.

मात्र खरा शत्रू थंडी नव्हे, घाम. ओला झालेला कपडा गोठतो. म्हणून कष्टाचं काम निघालं की टोपी मागे सारायची, गळा सैल करायचा आणि कोंडलेली हवा सोडून द्यायची. या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. का मारल्या ते तेव्हा नीट कळलं नव्हतं.

शिवणीबद्दलही थोडं वाचलं. पाण्यात वापरायच्या बुटांसाठी जनावराच्या स्नायूचा दोरा वापरत. तो ओला झाला की फुगतो आणि सुईचं भोक बुजवतो. शिवाय पाणी शिरू नये म्हणून शिवताना सुई एका कातड्यातून आरपार काढतच नाहीत, अर्ध्या जाडीतून फिरवतात. इतकं बारीक काम हाडाच्या सुईने होत असे. मला चौथ्या सेमिस्टरमध्ये लपवलेली टीप नीट जमत नव्हती, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

२४ जुलै

तुआरेग. नायजर, माली, अल्जीरिया, लिबिया, बुर्किना फासो एवढ्या देशांत विखुरलेले लोक. इथे चेहरा झाकतात ते पुरुष. बायका डोक्यावरून कापड घेतात, पण चेहरा उघडा ठेवतात. तागेलमुस्त कित्येक मीटर लांबीचा असतो आणि त्याला कुठेही शिवण नसते. कपड्याचा आकार रोज सकाळी हातांनी ठरतो. समोर कोण आहे त्याप्रमाणे तो नाकावर किती चढवायचा, हेही ठरतं.

उत्तम कापड नायजेरियातल्या कानो भागातून यायचं. अगदी अरुंद पट्ट्या विणायच्या, त्या एकमेकींना जोडायच्या, निळीत रंगवायच्या आणि मग वर निळीची पूड टाकून लाकडी मोगरीने कुटत राहायचं, कापडाला धातूसारखी चकाकी येईपर्यंत. कानोच्या कोफर माता इथली नीळकुंडं १४९८ पासूनची असल्याचं सांगतात. कुटून बसवलेला हा रंग अंगाला लागतो. 'निळे लोक' हे नाव त्यावरूनच पडलं.

वहीत दोन रकाने आखले. कपड्याचा आकार कोणी ठरवला? तिकडे जनावराच्या कातड्याने, इकडे मागाच्या रुंदीने. दोन्हीकडे शिंप्याची कात्री सगळ्यात शेवटी येते. आम्हाला कॉलेजात बरोबर याच्या उलट शिकवलं जातं.

२७ जुलै

सापडलं.

१९८० साली 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध आला होता: बेदुइन लोक (वाळवंटातले भटके अरब) वाळवंटात काळे झगे का घालतात? संशोधकांनी नेगेवच्या वाळवंटात भर दुपारी एका माणसाला आळीपाळीने काळा झगा, पांढरा झगा आणि इतर कपडे घालून उभं केलं. काळा झगा जास्त तापला हे खरं. पण ती जास्तीची उष्णता त्वचेपर्यंत पोचलीच नाही. सैल झग्याच्या आत हवा खेळत राहते आणि उष्णता वाटेतच उडवून लावते. आतली तापलेली हवा वर चढते, धुराड्यासारखी. चालताना कापड आत-बाहेर होतं, भात्यासारखं.

प्रयोग बेदुइनांच्या झग्यावरचा आहे, तुआरेगांच्या नव्हे. तो फरक अहवालात स्पष्ट लिहायचा. सैल कपड्याचं तत्त्व मात्र तेच.

म्हणजे दोन्ही ठिकाणचा शिंपी एकाच वस्तूवर काम करतो आहे आणि ती वस्तू कापड नाही. एकजण हवा कोंडतो, दुसरा खेळवतो. आणि दोघांचीही चावी एकाच जागी, गळ्यापाशी. गळा मिटला की ऊब, गळा उघडला की झुळूक. १९ तारखेच्या दोन रेघांचा अर्थ आज लागला.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, "आता कॉलर निघेल."

२ ऑगस्ट

काय घ्यायचं नाही, हेही आजच ठरवलं.

२०१५ मध्ये लंडनच्या एका ब्रँडने एक स्वेटर काढला. त्यावरची नक्षी १९२०च्या दशकात फोटोत टिपलेल्या एका इनुइट शमनच्या, म्हणजे मांत्रिकाच्या, पार्क्यावरून जशीच्या तशी उचललेली होती. तो पार्का त्याने स्वतःच्या रक्षणासाठी करवून घेतला होता. वारसांनी ओळखला, बोंब झाली, ब्रँडला माल मागे घेऊन माफी मागावी लागली. नक्षी सुंदर होती म्हणून उचलली, एवढंच त्यांचं कारण असावं. माझ्या नऊ स्केचेसमागेही दुसरं काही कारण नव्हतं.

मग अमाउतीचा प्रश्न. बाळाला पाठीशी ठेवायची खोळ असलेला हा बायकांचा पार्का. त्याचे खांदे इतके रुंद की थंडीत उघडं न पडता बाळाला आतल्या आत पुढे घेता येतं. पॅटर्न म्हणून माझ्या पाहण्यात याहून हुशार काही नाही आणि मला तो खांदा फार हवा होता. पण पाउक्तुउतित ही इनुइट महिलांची संघटना अमाउतीवर समाजाचा हक्क राहावा म्हणून वर्षानुवर्षं झटते आहे. २००१ मध्ये उत्तर कॅनडातल्या रँकिन इनलेटला त्यांनी यासाठी खास बैठक घेतली होती. ज्या कपड्याबद्दल तिथल्या बायका स्वतः 'हा आमचा' म्हणून उभ्या आहेत, तो मी गुणांसाठी वापरणार नाही. खांदा गेला. वाईट वाटलं.

दुसऱ्या बाजूचं उदाहरणही टिपून ठेवलं. २०१९ मध्ये थंडीचे कोट बनवणाऱ्या 'कॅनडा गूस' कंपनीने १४ इनुइट शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून पार्के करून घेतले आणि डिझाइनचे हक्क त्यांच्याकडेच ठेवले. असं काम कंपनीला करता येतं. मी विद्यार्थिनी, माझ्याकडे करार करायला कोणी नाही. तेव्हा नियम असा: नक्षी नाही, चिन्हं नाहीत, आगादेझचा क्रॉस नाही, तुआरेगांच्या लिपीतली तिफिनाघ अक्षरं नाहीत, खरी फर नाही. फक्त हवेची वागणूक घ्यायची आणि ती कुठून शिकले ते लेबलवर लिहायचं.

वर्गातल्या एकीचं म्हणणं, "मग दोन संस्कृती दिसणार कुठे?" प्रश्न रास्त आहे.

१२ ऑगस्ट

मांजरपाटावर पहिला नमुना. दोन आयतं, खांद्यावर जोडलेली, बाजूंना कळ्या, बगलेत चौबगला, म्हणजे चौकोनी जोड. हवा हलते का हे बघायला मोजणी फार साधी ठेवली: गळ्याच्या मागे टिश्यू पेपरची पट्टी टाचायची आणि कॉरिडॉरमधून चालायचं. पट्टी फडफडली तर भाता चालू.

पहिल्या फेरीत पट्टी ढिम्म. कारण बगल. मी सवयीने बाही अंगालगत बसवली होती, त्यामुळे खालून आलेली हवा छातीपाशीच अडकत होती. चौबगला १२ सेंटिमीटरवरून २० केला, बाहीचा घेर वाढवला. पट्टी हलायला लागली. आणखी वाढवला तर कपडा खांद्यावरून लोंबायला लागला, आणि मैत्रीण म्हणाली, "तंबू चालतोय." परत २० वर येऊन थांबले.

१५ ऑगस्ट

पट्टा लावला की टिश्यू मरतो. कमरेला साधी दोरी बांधली तरी धुराडं बंद. आणि मॅडमना तिसऱ्या पोशाखाचा पट्टाच सगळ्यात जास्त आवडला आहे. आता काय?

१८ ऑगस्ट

पट्टा आत गेला. तिसऱ्या पोशाखाला दोन थर आहेत, त्यातला आतला कमरेला नेफ्यातल्या नाडीने आवळायचा आणि बाहेरचा मोकळा सोडायचा. आतल्या थरात हवा कोंडलेली, बाहेरच्यात खेळती. हे स्केचमध्ये कधीच सुचलं नसतं. मॅडमनी बाहेरून पट्टा शोधला, सापडला नाही, मग हात आत घालून पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे कौतुक धरायचं.

२९ ऑगस्ट

ऊबदार पोशाखांसाठी पोकळ तंतूचं पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे आत भरायचा थर, आणलं. कॅरिबूच्या केसाचं कारखान्यातलं गरीब भावंडच म्हणा, तंतूच्या पोटात हवा तशीच. अस्तर, वॅडिंग, वरचं कापड, आणि चौकटीच्या टिपा. दिसायला झकास. कपडा उजेडासमोर धरला तेव्हा चूक कळली: जिथे जिथे टीप, तिथे वॅडिंग दाबून सपाट. म्हणजे जिथे हवा हवी तिथेच मी मशीनने ती पिळून काढली आणि थंडीसाठी सरळ रेषेत वाटा आखून दिल्या.

कटिंग मास्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा वर केला. "एक जाड थर कशाला? दोन पातळ घे. खालच्याची टीप जिथे, तिथे वरच्याची रेघ येऊ देऊ नको." म्हणजे एका थराच्या टिपा दुसऱ्याच्या चौकटींच्या मधोमध. पुन्हा दोन थर! इनुइट पार्क्याबद्दल मीच वाचलं होतं, तरी मास्टरांनी सांगेपर्यंत हाताला सुचलं नाही.

उसवणं: एक पूर्ण दिवस.

१० सप्टेंबर

नीळ. फळसाखरेचं कुंड लावलं: नीळ १ भाग, विझवलेला चुना २ भाग, फळसाखर ३ भाग, गरम पाणी. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिच्यातला ऑक्सिजन काढून घ्यावा लागतो. ते काम साखर करते आणि चुना पाणी अल्कधर्मी ठेवतो. तासाभराने वर तांबूस-निळा फेस आला आणि खालचं पाणी पिवळट झालं. कापड बुडवताना बुडबुडा जाऊ द्यायचा नाही, नाहीतर कुंड दमतं. दहा मिनिटांनी बाहेर काढलं तर कापड पिवळट हिरवं. मग हवेत धरायचं. डोळ्यांदेखत हिरवं, मोरपंखी, निळं.

निळा रंग कुंडात नसतोच, तो हवेत होतो. कलेक्शनचा विषय हवा, आणि मी दीड महिना नीळ नुसती 'तुआरेगांचा रंग' म्हणून यादीत ठेवली होती. आज ती विषयाच्या मधोमध येऊन बसली.

मलमलीला आठ बुडवण्या.

१४ सप्टेंबर

अति उत्साहात लोकरीचं कापडही त्याच कुंडात घातलं. चुन्याने लोकर खाल्ली. हाताला राठ, कडक, जुन्या ब्रशसारखी. प्राणिज धाग्याला तीव्र अल्क सोसत नाही हे दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मी स्वतः लिहिलं होतं आणि मार्कही मिळाले होते. अडीच मीटर गेलं. चौथ्या पोशाखाचं वरचं कापड आता लोकर नाही, जाड सुती.

२२ सप्टेंबर

घासून रंग जातो का याची चाचणी. पांढरं कापड कोरडं घासलं तर फिकट निळं, ओलं घासलं तर चांगलंच निळं. चाचणीच्या भाषेत नापास. तुआरेगांच्या लेखी मात्र अंगाला लागणारा निळा म्हणजे उंची कापडाची खूण. एकाची त्रुटी ती दुसऱ्याची श्रीमंती, असं अहवालात लिहिलं खरं, पण परीक्षकांच्या खुर्चीवर निळा डाग पडला तर हे वाक्य मला वाचवणार नाही. कापड साबणाच्या गरम पाण्यातून काढलं, सैल रंग जाईपर्यंत. फक्त सहाव्या पोशाखाच्या गळ्याची आतली पट्टी मुद्दाम तशीच ठेवली. घालणाऱ्याच्या मानेला थोडा निळा लागेल. मॉडेलला आधी विचारायचं.

५ ऑक्टोबर

गळा, सहा वेळा. हा या प्रकल्पाचा खरा भाग आणि याची स्केचेस सगळ्यात कंटाळवाणी आहेत. नेफा आणि नाडी हे सगळ्यांना समान. पहिल्या पोशाखात गळा टोपीसकट एकसंध, नाडी ओढली की हनुवटीपर्यंत मिटतो. दुसऱ्यात टोपी मागे पडली की मानेमागे आपोआप फट उघडते. तिसरा दोन थरांचा, वर सांगितलेला. चौथ्यात खांद्यावरची शिवणच उघडते, काजं आणि लाकडी गुंड्या. पाचव्यात पुढचा गळा उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेल्या पट्टीचा, वाऱ्याने हलेल असा. सहाव्यात गळ्याला शिवणच नाही. सात मीटर मलमल, घालणारीने स्वतः गुंडाळायची.

गुंडाळण्याबद्दल दोन दिवस घोळ होता. तागेलमुस्तची बांधणी शिकून तीच करायची का? नाही. कापड लांब आहे, शिवण नाही आणि आकार रोज नवा, एवढंच घेतलं. चेहरा झाकायचा नाही. तो त्यांच्या पुरुषांच्या मर्यादेचा भाग आहे, माझ्या रॅम्पचा नाही.

१९ ऑक्टोबर

पाचवा जमत नाही. उरेब पट्टी दुसऱ्या दिवशी ताणून लांब होते. टांगून ठेवली, दोन दिवसांनी खालची कड छाटली, पुन्हा शिवली, पुन्हा लोंबली.

२३ ऑक्टोबर

पाचवा अजूनही नाही. आतून सरळ धाग्याची बारीक पट्टी लावली तर लोंबणं थांबलं आणि हलणंही थांबलं. शेवटी पट्टी फक्त दोन्ही खांद्यांपासून चार-चार सेंटिमीटर लावली, मधला भाग मोकळा. आता हलतो. थोडा लोंबतोही. लोंबू दे.

६ नोव्हेंबर

सहा पोशाख रांगेत उभे केले. पहिला पूर्ण मिटलेला, सहावा पूर्ण मोकळा, मधले चार पायरीपायरीने उघडत जाणारे. रंगही तसाच, पहिला जवळजवळ पांढरा, सहावा गडद निळा. मॅडमनी क्रम उलटा करून बघायला सांगितलं. उलट्या क्रमात कपडे मिटत जातात आणि शेवट गुदमरल्यासारखा होतो. मूळ क्रम ठेवला.

त्या मैत्रिणीने पुन्हा विचारलं, "यातला इनुइट कोणता, तुआरेग कोणता?" पहिला आणि सहावा मी दाखवू शकले. तिसरा-चौथा दाखवता आला नाही.

२० नोव्हेंबर

ज्युरी. बारा मिनिटं ठरलेली, चोवीस झाली.

पहिला प्रश्न फरबद्दल, दुसरा पट्टा कुठे आहे याबद्दल. तिसरा अवघड: "संदर्भ इतका पुसलास की नुसती थिअरी उरली, असं वाटत नाही?" मी खरं ते सांगितलं. हो, पाचव्यात तसं झालंय. त्याला फक्त वारा लागतो, त्याच्यामागे माणूस उभा नाही. बाकीच्यांच्या बाबतीत मान्य नाही. परीक्षकांनी पाचव्यापुढे काहीतरी लिहून घेतलं.

खोलीत दिवे प्रखर होते. पहिला पोशाख घातलेली मॉडेल बराच वेळ उभी होती. मी उत्तर देत असताना तिने टोपी मागे ढकलली आणि गळ्याची नाडी दोन बोटं सैल केली. मी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. एका परीक्षकांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं आणि त्यांनी पुढचा प्रश्न तिलाच विचारला: "आता बरं वाटतंय?" ती हो म्हणाली.

२३ नोव्हेंबर

लेबलं शिवून झाली. पाचव्याचा गळा सुट्टीत उसवायचा आहे. उरलेलं वॅडिंग धाकट्या वर्गाला दिलं. कुंड टाकून द्यायचा विचार होता, पण आज ढवळून पाहिलं तर कडेला तांबूस फेस आला, म्हणजे नीळ अजून जिवंत आहे. उद्या थोडी साखर घालून, झाकण घट्ट लावून ठेवते.